दोननंतरच्या कोऱ्या ओळी

ओरिन ट्वेटबद्दल आमच्या गावात कुणी वाईट बोलत नसे. पुढे त्याला नडलं ते हेच.

त्याचा जन्म गॅलट नदीपासून दोन मैलांवरच्या रँचवरचा. बाप गेल्यावर मोठ्या भावाला जमीन आणि गुरं मिळाली, ओरिनला होडी मिळाली. वाटणी अगदी न्यायाने झाली असं दोघेही भाऊ सांगत, म्हणजे दोघांनाही ती पटलेली नव्हती. ओरिन उन्हाळ्यात पैसे देऊन येणाऱ्या पाहुण्यांना होडीतून ट्राउट मासे धरायला नेई आणि हिवाळ्यात शाळेची बस चालवी. बावीस वर्षांत ती बस एकदाच उशिरा आली, कारण रस्त्यात सांबरासारखी पण घोड्याहून थोर अशी एक मूज बसली होती आणि उठायला तयार नव्हती. त्याबद्दल ओरिनने मुख्याध्यापकांना लेखी दिलगिरीचं पत्र दिलं. त्याला ते फाइलला लागलेलं हवं होतं. मी तेव्हा शाळेच्या ग्रंथालयात होते, मीच ते लावलं. त्याची बायको लॉरेन एका मार्च महिन्यात बहिणीकडे स्पोकॅनला गेली आणि तिकडेच राहिली. भांडण काही नव्हतं. कधीच न चुकणाऱ्या माणसाबरोबर राहायला फार लक्ष द्यावं लागतं, एवढंच ती मला म्हणाली होती.

मी वर्ना हाउगन. निवृत्त झाल्यापासून गाइड लोकांच्या गाड्या हलवते. गाइड सकाळी वरच्या धक्क्यावर होडी पाण्यात घालतो आणि प्रवाहाबरोबर आठ-दहा मैल खाली जातो. त्याची गाडी आणि रिकामा ट्रेलर वरच राहतात, किल्ली पेट्रोलच्या झाकणामागे. मी गाडी खालच्या धक्क्यावर नेऊन ठेवते आणि गाडीत टाकलेल्या सायकलवरून पुढच्या गाडीकडे जाते. त्यामुळे नदीवर कोण कधी उतरलं आणि कधी बाहेर आलं, हे देवाच्या खालोखाल मला कळतं. देव ते कुणाला सांगत नाही. मीही सांगत नसे, आणि याचा मला अभिमान होता.

आमच्या पट्ट्यात मासा धरायचा तो सोडून देण्यासाठी. खायचा असेल तर किराणा दुकानात अलास्काचा मिळतो. पण सोडलेला मासा जगतोच असं नाही. ट्राउट हा थंड पाण्याचा जीव. पंचावन्न अंशांना तो राजा असतो, पासष्टला बेचैन, आणि पारा सत्तरीकडे सरकला की त्याला श्वास पुरत नाही. हे अंश फॅरनहाइटचे. हाताला ते पाणी तरीही गारच लागतं, घोटाळा होतो तो तिथेच. अशा पाण्यात त्याला पंधरा मिनिटं झुंजवून मग मोठ्या प्रेमाने सोडलंत तर तो ऐटीत पोहत जातो, वळणाआड होतो आणि मरतो. पाहुण्याला यातलं काही दिसत नाही. तो फोटो घेऊन विमानात बसलेला असतो.

म्हणून उन्हाळा तापला की दुपारी दोननंतर नदीवर मासेमारी बंद होते. सरकारी कागदावर या बंदीला लांबलचक नाव आहे, आम्ही तिला घुबडबंदी म्हणतो. फार पूर्वी कोरड्या उन्हाळ्यात जंगलाला आग लागू नये म्हणून लाकूडतोडे घुबडं घुमत असतानाच कामाला लागत आणि ऊन चढायच्या आत परतत, तिथून ते नाव आलं. आमच्या नदीवर ही बंदी ओरिनमुळे आली. चारशे बारा सह्या घेऊन तो राजधानीला गेला, आयुष्यातला एकमेव टाय बांधून आयोगापुढे तीन मिनिटं बोलला आणि परत येताना टाय गाडीच्या खिडकीतून टाकून दिला. मग गाइडांच्या संघटनेने त्याला अध्यक्ष केलं. दुसऱ्या कुणाचं नाव सुचवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

त्याच्या कमरेला सुतळीने बांधलेला थर्मामीटर असे आणि खिशात पिवळी, न भिजणारी वही. दर तासाला तो होडी थांबवायचा, थर्मामीटर पाण्यात सोडून मिनिटभर धरायचा आणि लिहायचा: सात वाजता चौपन्न, आठ वाजता पंचावन्न. पाहुण्याच्या गळाला मासा असला तरी तास चुकत नसे. अशा पंधरा वर्षांच्या पंधरा वह्या त्याच्या घरी बुटांच्या खोक्यांत होत्या. सुट्टीच्या दिवशी तो नुसता काठावर बसून मोजत असे. तरुण गाइड यावरून त्याची थट्टा करत. लॉरेनला ताप आला असता तर त्याने तिच्याकडेही दर तासाला बघितलं असतं आणि ती गेली नसती म्हणे. पण थट्टा करून झाल्यावर पाणी किती आहे हे ते त्यालाच विचारत.

त्याचं एकाशीच वाकडं होतं. डेल प्रुइट. आर्कान्सॉहून आलेला, तिशीतला, होडीत रेडिओ लावणारा, पाहुण्यांना नको इतकं हसवणारा. पण वल्ही अशी मारायचा की ओरिनसुद्धा मान वळवून बघे. आदल्या वर्षी ऑगस्टात डेलने पाहुण्यांना दोन वाजून वीस मिनिटांपर्यंत गळ टाकू दिला. ओरिनने ते पाहिलं आणि मासेमारीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी वॉर्डनला फोन केला. डेलला दंड झाला. दंड त्याने भरला आणि प्रकरण मिटलं, असं वॉर्डनला वाटलं. गावाने मात्र ते जपून ठेवलं. डेल दुकानात शिरला की कुणीतरी विचारायचंच, "किती वाजले, डेल?" तो पहिल्यांदा हसला, दुसऱ्यांदा हसला, आणि मग घड्याळ घालायचंच त्याने सोडून दिलं.

आता पाद्रीबद्दल. चर्चमागच्या डोहात एक तपकिरी ट्राउट राहत होता, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल त्याहून लांब. शेपटीच्या वरच्या टोकाला खाच, बहुधा गरुडाने घेतलेला घास. चर्चजवळ मुक्काम आणि कुठल्याही मोहाला बळी न पडणं, या दोन गुणांमुळे त्याला पाद्री म्हणत. जूनमध्ये पाणी बर्फासारखं असतं, नदीवर मोठमोठ्या उडत्या माश्यांचे थवे उठतात आणि निम्मा अमेरिका देश आमच्याकडे येतो, तेव्हा पाद्री तळाशी बसून असे. तो वर यायचा ऑगस्टात, नाकतोड्यांच्या दिवसांत, आणि तोही भर दुपारी, काठचे नाकतोडे वाऱ्याने पाण्यात पडायला लागले की. मोकळीक असे तेव्हा तो नसे, आणि तो असे तेव्हा मोकळीक नसे. ओरिनचं घर त्या डोहावर होतं. चार वर्षं तो ऑगस्टातली प्रत्येक दुपार पायरीवर बसून त्या माशाचं जेवण बघत होता.

चौदा ऑगस्टला शनिवार होता. मी एका गाइडची गाडी नेत असताना वाटेत तिचा टायर बसला. नट गंजलेले, जॅक आखूड. त्यात तासाभराहून जास्त गेला. पुढची गाडी डेलची होती. तो त्या दिवशी चर्चच्या धक्क्यावरून एकटाच उतरला होता, कारण त्याच्या पाहुण्यांनी आयत्या वेळी येणं रद्द केलं होतं. त्याची गाडी एकच्या आत खाली पोचायला हवी होती. मी सायकल हाणत चर्चच्या धक्क्यावर आले तेव्हा पावणेतीन झाले होते. आभाळ आलेलं, वारा सुटलेला. डेलची गाडी आणि ट्रेलर होते तिथेच होते. आणि पन्नासेक पावलांवर, डोहाच्या कडेला, ओरिन मांडीएवढ्या पाण्यात वाकून उभा होता.

मला वाटलं त्याची किल्ली पडली असेल. मी काठाने चालत गेले. काठावर त्याची गळाची छडी आडवी टाकलेली होती. तो कधी छडी जमिनीवर ठेवत नसे.

पाद्री त्याच्या दोन्ही हातांत होता. एक हात पोटाखाली, एक शेपटीजवळ, तोंड प्रवाहाकडे. दमलेल्या माशाला असंच धरतात. पाणी कल्ल्यांतून जात राहिलं की तो हळूहळू शुद्धीवर येतो आणि हाताला झटका देऊन निघून जातो. तो झटका कळावा म्हणून ओरिनने डोळे मिटले होते.

"कल्ले हलतायत अजून," तो म्हणाला.

हलवत होता तो प्रवाह. मी म्हणाले, "ओरिन, मेलाय तो."

"माहीत आहे मला."

एवढं बोलूनही त्याने हात काढले नाहीत. मी काठावर बसले. माशाकडे बघतच त्याने मला सगळं सांगितलं, दुसऱ्या कुणाची तक्रार केल्यासारखं. आभाळ आलं तेव्हा त्याला वाटलं, आज पाणी तापणार नाही. पावणेदोनला त्याने पहिला दोरा टाकला. पाद्री वर आला, गळावरच्या नकली नाकतोड्याला नाक लावून परत गेला. ओरिनने दुसरी नकली माशी बांधली. पुन्हा टाकला. तेव्हा दोन वाजले असतील किंवा नसतील; त्याने घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून घेतली होती. "आपोआप फिरली नाही, वर्ना," तो म्हणाला, "मी फिरवली." मग पाद्रीने माशी घेतली. दोरा बारीक होता, ओढून भागत नव्हतं. अर्धा तास गेला, कदाचित जास्तच.

थर्मामीटर कमरेला दिसेना, म्हणून मी विचारलं.

"खिशात आहे," तो म्हणाला.

साडेतीननंतर केव्हातरी त्याने मासा सोडला. नियम तसाच आहे: मेला तरी पाण्यातच सोडून द्यायचा, घरी न्यायचा नाही. पाद्री उलटा झाला, पांढरं पोट वर करून हळूहळू पुलाच्या दिशेने गेला. ओरिन आपल्या घराच्या पायऱ्या चढून गेला. त्याला कोरडा टॉवेल द्यावा की धीर द्यावा हे मला कळेना, म्हणून मी डेलची गाडी सुरू केली. चार वाजले होते. खालच्या धक्क्यावर डेल दोन वाजल्यापासून दगडावर बसून होता. तो मला बरंच काही बोलला आणि ते सगळं रास्त होतं. मी टायरचं सांगितलं. फक्त टायरचं.

रविवारी चर्च सुटल्यावर लोक पुलावर आले, तेव्हा पाद्री खांबाला अडकलेला दिसला. शेपटीची खाच सगळ्यांनी ओळखली. जबड्याच्या कोपऱ्यात गळाचं ताजं भोक होतं. दुपारपर्यंत गावाने तपास पुरा केला: शनिवारी तीननंतरही डेल प्रुइटची गाडी चर्चच्या धक्क्यावर उभी होती. रस्त्याने जाणाऱ्या निदान सहा जणांनी ती पाहिली होती. पाहुणे रद्द झालेले, गडी एकटा, आणि हा गडी दोननंतर काय करतो हे तर जगजाहीर. ओरिन त्याच डोहावर राहतो हेही सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणून सगळे त्याच्याकडे सांत्वनाला गेले. एकीने पाई नेली.

पुढचे नऊ दिवस ओरिन गप्प होता आणि मीही गप्प होते. त्याचं त्याने सांगावं, मी कोण सांगणारी, असं मी स्वतःला बजावलं. हे बोलणं मला इतकं पटलं की मी ते रोज सकाळी स्वतःला ऐकवत असे. मंगळवारी ओरिन माझ्याकडे आला, न विचारता माझं कुरकुरणारं फाटक दुरुस्त केलं आणि गेला. गुरुवारी येऊन त्याने तेच फाटक पुन्हा दुरुस्त केलं. शनिवारी तो फाटकापर्यंत आला, ते उघडून-मिटून पाहिलं आणि परत फिरला.

दरम्यान कॅल लिंडक्विस्टने डेलला काम देणं थांबवलं. कॅलचं मासेमारीच्या सामानाचं दुकान. गावातले निम्मे पाहुणे त्याच्याकडून येतात आणि तो ज्या गाइडला देईल त्याला ते मिळतात. डेलचं नाव संघटनेच्या यादीतून काढावं असा ठरावही त्यानेच आणला. यादीतून नाव गेलं की आमच्या नदीवर माणसाला होडी घालता येते, पण तिच्यात बसायला कुणी येत नाही. डेलने आदल्याच वर्षी इथे घर घेतलं होतं. बायकोला दिवस गेले होते. ती दुकानात आली की काउंटरवरचं बोलणं थांबे.

बैठक तेवीस तारखेला, सोमवारी दुपारी तीन वाजता, अग्निशामक दलाच्या शेडमध्ये भरली. बंदीमुळे त्या वेळी सगळे मोकळे असतात. तेवीस गाइड, मी, एक हकलबेरीची पाई, आणि अध्यक्षाच्या खुर्चीत ओरिन.

कॅलने ठराव वाचला. मग डेल उभा राहिला. त्याने नेहमीसारखं काही हसवलं नाही. "मी खाली होतो. गाडीची वाट बघत. बाईंना विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. यातले निम्मे माझ्या ग्रंथालयात पुस्तकं फाडून मोठे झालेले. मी टायरचं सांगितलं. नट गंजल्याचं सांगितलं, जॅक आखूड असल्याचंही सांगितलं.

"टायरला फार तर दोन तास धरू, बाई," कॅल मऊपणे म्हणाला. "गाडी चारला हलली."

"वय झालंय माझं," मी म्हणाले.

लोक हसले. प्रेमाने हसले. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले असेन, पण ज्याला लोक हसले ते हे एकच, आणि आठवताना अजून माझे कान तापतात ते यासाठीच. डेल माझ्याकडे बघत होता. त्याला काय कळलं होतं ते मला माहीत नाही. तो खाली बसला.

मग ओरिन उठला. खुर्चीची पाठ धरून तो म्हणाला, "पाद्री मी मारला."

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "झालं, आता म्हातारा क्रूसावर चढणार," आणि हशा पिकला.

"बस रे बाबा खाली," कॅल म्हणाला. त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. "तुझं मन मोठं आहे हे आम्हाला नव्याने सांगायला नको. ज्याला तू स्वतः पकडून दिलंस, त्याच्यासाठी तू..."  कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. ओरिन हात वर करून त्या थांबवायला गेला तर लोकांना वाटलं आभार मानतोय, आणि टाळ्या वाढल्या.

आपण दोन वाजता गळ टाकला, असं ओरिन म्हणाला. त्यावर एकाने सांगितलं की ओरिन स्वर्गात गेला तरी दारातच थर्मामीटर लावून बघेल. मी चार वर्षं त्या माशावर टपून होतो, असंही तो म्हणाला. हे तर कुणालाच खरं वाटलं नाही. आपण ज्याला उभं आयुष्य चांगला म्हटलं, त्याने ते आपल्याला विचारल्याशिवाय बदलायचं ठरवलं की राग येतो. एक-दोघांच्या चेहऱ्यावर तो राग दिसायला लागला होता. शेवटी कॅलने तोड काढली. ओरिन एवढं स्वतःच्या अंगावर घेत असेल तर त्याचा मान राखून ठराव मागे घेऊ, डेलला या वेळेपुरतं माफ करू.

"मला माफी नकोय," डेल म्हणाला.

तेव्हा ओरिनने शर्टाच्या खिशातून पिवळी वही काढली, चौदा ऑगस्टचं पान उघडलं आणि टेबलावरून कॅलकडे सरकवली.

त्या पानावर काय होतं ते मी नंतर पाहिलं. सहा वाजता त्रेपन्न. सात वाजता चौपन्न. असं तासातासाने एकपर्यंत. एक वाजता सहासष्ट. त्याच्यापुढे ओरिनच्या नेटक्या अक्षरात दोन, तीन, चार, पाच हे तास आधीच मांडलेले होते, सकाळीच मांडून ठेवायची त्याची पद्धत होती, आणि त्यांच्यासमोर काही नव्हतं. कॅलने पान पाहिलं. मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. त्यावर सगळे तास भरलेले होते. तो वही शेजाऱ्याकडे न देता तशीच धरून बसला. मग शेजाऱ्याने ती त्याच्या हातातून घेतली.

वही टेबलाभोवती फिरली. यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी ओरिनला मासा गळाला असताना, वीज कडाडत असताना, एकदा तर होडी बुडत असताना मोजताना पाहिलं होतं.  ज्याच्या हातात वही जाई तो वर बघेनासा होई. कबुलीला हसलेले सगळे चार कोऱ्या ओळींपुढे गप्प झाले. आता मलाही बोलायला हरकत नव्हती. "मी तिथे होते," मी म्हणाले. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझ्या साक्षीची गरज होती ती नऊ दिवस आणि वर दहा मिनिटं. ती वेळ टळून गेली होती.

शेवटी वही डेलकडे आली. त्याने ती बराच वेळ वाचली, वाचण्यासारखं इतकं कमी असूनही.

"किती होतं?" त्याने विचारलं.

"मोजलं नाही," ओरिन म्हणाला.

"का?"

"माहीत होतं म्हणून."

डेलने वही मिटली आणि त्याच्यापुढे ठेवली. तो बाहेर गेला तेव्हा त्याने दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. पाईला कुणी हात लावला नाही.

ओरिनने त्याच दिवशी अध्यक्षपद सोडलं आणि वॉर्डनकडे जाऊन स्वतःची तक्रार नोंदवली. वॉर्डनने दंडाची पावती फाडली आणि फाडताना त्याचीच माफी मागितली. ओरिनला याचा फार त्रास झाला असं मला वाटतं. त्याला कुणीच काही बोललं नाही. नदीवर लोक त्याला पूर्वीसारखाच हात करत, फक्त जरा लवकर करत आणि लवकर खाली घेत. "किती वाजले" हा प्रश्नच गावातून गेला. तो आता डेलला विचारता येत नव्हता आणि ओरिनला विचारायची कुणाची छाती नव्हती. कॅलने काउंटरमागचं मोठं घड्याळ काढून आत गोदामात लावलं. डेलला सप्टेंबरात सगळी कामं परत मिळाली, नको इतकी मिळाली. पण तोंडाने माफी कुणी मागितली नाही. मी त्याच्या घरी जाऊन मागितली. तो दारात उभा राहून ऐकत होता. "गाडी वेळेवर आणत चला, बाई," एवढंच तो म्हणाला.

पुलाखाली सरकारचं एक यंत्र आहे. ते दिवसरात्र पाण्याचं तापमान टिपतं आणि ज्याला हवं त्याला घरबसल्या ते बघता येतं. चौदा तारखेच्या संध्याकाळीच मी ते पाहिलं होतं. तीन वाजता साडेएकाहत्तर. हिवाळ्यात एकदा मी ओरिनला सुचवलं की त्या चार ओळी यंत्रावरून भरून घेता येतील. तो बस धूत होता. यंत्राने मोजलेलं यंत्राच्या वहीत असतं, असं तो म्हणाला आणि चाकांकडे वळला.

पुढच्या वर्षी त्याने गाइडचं काम फक्त जूनपुरतं ठेवलं. ऑगस्टात तो होडी काढत नव्हता. चर्चच्या धक्क्यावर उलट्या बादलीवर बसून नुसता मोजायचा. कुणी विचारायचं नाही. होड्या डोहावरून जाताना गाइड पाहुण्यांना पलीकडच्या काठावरचं काहीतरी दाखवत.

अशाच एका दुपारी मी तिथे गाडी न्यायला आले होते. वरून डेलची होडी येत होती, दोन पाहुणे, रेडिओ चालू. त्याने रेडिओ बंद केला. वल्ही उलटी मारून होडी धक्क्यासमोर प्रवाहात धरून ठेवली, जे सोपं नाही, आणि मोठ्याने विचारलं,

"किती वाजले, ओरिन?"

माझ्या हातातली किल्ली खाली पडली. पाहुण्यांना अर्थातच काही कळलं नाही. त्यातल्या एकाने मदत म्हणून स्वतःचं घड्याळ पुढे केलं. डेलने तिकडे बघितलं नाही. ओरिन बादलीवरून उठला. मनगट वळवून त्याने तबकडी पाहिली, हवी त्यापेक्षा जास्त वेळ पाहिली.

"दोनला दहा कमी."

"आणि पाणी?"

ओरिन गुडघ्यांवर बसला, थर्मामीटर पाण्यात सोडला आणि पुरतं मिनिटभर धरून राहिला. डेल वल्ही मारत तिथेच थांबला. त्याचे दंड थरथरताना मला काठावरून दिसत होते.

"सदुसष्ट."

"आवरा रे," डेल पाहुण्यांना म्हणाला. त्यातला एक कुरकुरला, अजून दहा मिनिटं आहेत म्हणाला. डेलने होडी सोडली आणि ती वळणाकडे निघाली.

ओरिनने हात विजारीला पुसले, वही काढली आणि ते लिहून घेतलं.